एक किलो मोरचूद, एक किलो चुना

मृगाच्या सरी येण्याआधी कळमेश्वर तालुक्यातल्या संत्र्याच्या बागांमधून फेरफटका मारला, की झाडांच्या बुंध्यांना जमिनीपासून कमरेपर्यंत निळसर लेप दिलेला दिसतो. हा बोर्डो मलम. डिंक्या रोगाची बुरशी ओल्या मातीतून बुंध्यावर येते, साल कुजते, डिंक ओघळू लागतो आणि वेळेत आवर घातला नाही तर उभे झाड वाळते. म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा हा लेप द्यायचा, हे संत्र्याच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. कृतीही तोंडपाठ असते: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. फवारणीसाठी हवे असेल तर पाणी १०० लिटर. त्याला एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण म्हणतात.

ही कृती आली फ्रान्समधल्या बोर्डो शहरातून. तिथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या पिएर मिलार्दे यांना १८८२ मध्ये दिसले, की रस्त्याकडेच्या काही द्राक्षवेली केवडा रोगातून वाचल्या आहेत. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मालकांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे पाणी शिंपडले होते. मिलार्दे यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. तीत ८ किलो मोरचुदाला तब्बल १५ किलो चुना होता. आज आपण १ किलोला १ किलो घेतो. मग खरा लागतो किती? अर्धा किलो? पाव किलो? हे प्रयोग न करता, कागदावर काढता येते का?

येते. त्या हिशेबालाच स्टॉइकिओमेट्री म्हणतात. नववीच्या पुस्तकात ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात मोल पहिल्यांदा भेटतो, अकरावीत त्याचीच गणिते येतात, आणि अनेक विद्यार्थी सूत्रे पाठ करून कशीबशी सुटका करून घेतात. पाठ करण्यासारखे त्यात फारसे नाहीच. एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे: पदार्थ एकमेकांशी संख्येने जुळतात, आणि आपल्या हातात मात्र फक्त तराजू असतो.

वजन सारखे, संख्या वेगळी

कळमेश्वरच्या एमआयडीसीजवळच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानातून बोल्ट आणि नट किलोवर आणले असे समजा. एक बोल्ट ५० ग्रॅमचा, एक नट २० ग्रॅमचा. १ किलो बोल्टमध्ये २० नग आले, १ किलो नटांमध्ये ५० नग आले. एका बोल्टला एक नट, म्हणजे २० जोड्या होतील आणि ३० नट उरतील. २० बोल्टना पुरतील एवढेच नट हवे असते, तर ४०० ग्रॅम मागायला हवे होते. हे आपण ज्या आधारावर सांगितले तो एकच: एका नगाचे वजन माहीत होते.

मोरचूद आणि चुन्याचेही असेच आहे. अडचण इतकीच, की तिथले नग दिसत नाहीत, उचलता येत नाहीत आणि एकेकाचे वजन कुठल्याही तराजूवर करता येत नाही. पण कोणता अणू कोणाच्या किती पट जड, हे रसायनशास्त्रज्ञांनी दीडशे वर्षांपूर्वीच शोधून काढले होते. कार्बनचा अणू १२ मानला तर ऑक्सिजनचा १६, गंधकाचा ३२, कॅल्शियमचा ४०, तांब्याचा ६३.५. हे झाले अणुवस्तुमान.

आता १२ ग्रॅम कार्बन घ्या आणि ६३.५ ग्रॅम तांबे घ्या. दोन ढिगांच्या वजनाचे गुणोत्तर एकेका अणूच्या वजनाच्या गुणोत्तराइतकेच आहे, म्हणजे दोन्ही ढिगांत अणूंची संख्या सारखी असणार. हा ढीग म्हणजेच १ मोल. अणुवस्तुमानाचा किंवा रेणुवस्तुमानाचा जो आकडा, तितके ग्रॅम पदार्थ घेतला की १ मोल झाला. संख्या न मोजताही ती सारखी ठेवता येते, हीच या कल्पनेची ताकद आहे.

ती संख्या किती, हे नंतर कळले. समान तापमान आणि समान दाबाला कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, असे इटलीच्या अमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये मांडले. पुढे फ्रान्सच्या जाँ पेरँ यांनी ही संख्या वेगवेगळ्या प्रयोगांनी काढली आणि १९०९ मध्ये तिला अ‍ॅव्होगॅड्रोंचे नाव द्यावे असे सुचवले. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच तिच्यावर बेतली आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, इतके कण म्हणजे १ मोल. एका कोटीला कोटीने गुणा, त्या गुणाकाराला पुन्हा कोटीने गुणा, आणि आलेल्या संख्येची साधारण ६०२ पट करा, म्हणजे इथवर पोहोचाल. मोरचुदाचा १ ग्रॅमचा खडा तळहातावर घेतला, तर त्यात सुमारे २.४१ कोटी कोटी कोटी घटक, असली आकडेमोड करीत बसण्याची गरज नाही. ०.००४ मोल म्हटले की काम होते. हिशेबाला मोल पुरतो.

समीकरण वाचायचे कसे

मोरचूद म्हणजे निळे कॉपर सल्फेट. त्याच्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे ५ रेणू बांधलेले असतात. वस्तुमान काढू: तांबे ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजनचे ४ अणू मिळून ६४, आणि पाण्याचे ५ रेणू प्रत्येकी १८ प्रमाणे ९०. बेरीज २४९.५. म्हणजे मोरचुदाचा १ मोल २४९.५ ग्रॅमचा.

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. कॅल्शियम ४०, ऑक्सिजन १६, मिळून ५६. याचा १ मोल ५६ ग्रॅमचा. चुना पाण्यात विरवला की तो उकळतो, वाफा येतात आणि विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते:

कॅल्शियम ऑक्साइड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साइड

मग हा विरलेला चुना मोरचुदाच्या द्रावणात मिसळतो:

कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट

प्रत्यक्षात तयार होणाऱ्या निळ्या साक्याची घडण याहून गुंतागुंतीची असते, पण हिशेबासाठी हे समीकरण पुरेसे आहे. दोन्ही समीकरणांत कुठल्याही पदार्थाच्या आधी आकडा नाही, म्हणजे सगळीकडे १ समजायचा. १ मोल चुन्यापासून १ मोल विरलेला चुना, आणि तो १ मोल मोरचुदाला पुरतो. समीकरणातले आकडे मोलचे असतात, ग्रॅमचे किंवा किलोचे कधीच नसतात. अर्धी गणिते इथे चुकतात, म्हणून हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

आता मूळ प्रश्न सोडवू. वाट तीन टप्प्यांची आहे: ग्रॅमवरून मोल, एका पदार्थाच्या मोलवरून दुसऱ्याचे मोल, आणि पुन्हा मोलवरून ग्रॅम.

पहिला टप्पा: १००० ग्रॅम मोरचूद भागिले २४९.५ ग्रॅम प्रति मोल, म्हणजे ४.०१ मोल.

दुसरा टप्पा: प्रमाण १ ला १ आहे, म्हणून चुनाही ४.०१ मोल.

तिसरा टप्पा: ४.०१ मोल गुणिले ५६ ग्रॅम प्रति मोल, म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम.

१ किलो मोरचुदाला शुद्ध, ताजा कळीचा चुना जेमतेम पाव किलो लागतो. आपण टाकतो १ किलो. तो भरतो १७.९ मोल, म्हणजे गरजेच्या जवळजवळ साडेचार पट. किलोत १ ला १ दिसणारे प्रमाण मोलमध्ये १ ला साडेचार आहे.

मग एवढा चुना कशाला?

कागदावरचा हिशेब बरोबर आहे आणि शेतकऱ्याची कृतीही बरोबर आहे. दोन्ही कशा बरोबर, हे कळले की या विषयाचा गाभा हाती आला.

अभिक्रियेत जो पदार्थ आधी संपतो, तो संपताच अभिक्रिया थांबते. किती माल तयार होणार हे तोच ठरवतो. त्याला मर्यादक अभिक्रियाकारक म्हणतात. जो उरतो तो अतिरिक्त. बोर्डो मिश्रणात मोरचूद हाच मर्यादक राहिला पाहिजे, कारण पाण्यात विरघळलेले मोकळे तांबे पानाला आणि कोवळ्या सालीला भाजते. कॉपर हायड्रॉक्साइडच्या रूपात बांधले गेलेले तांबे मात्र सालीवर चिकटून राहते आणि थोडे थोडे सुटत बुरशीला रोखते. म्हणून तांब्याचा एकही कण मोकळा राहू नये इतका चुना हवा, आणि खात्रीसाठी वर थोडा जास्त.

तो इतका जास्त का, याचे उत्तर चुन्याच्या पोत्यात आहे. भट्टीतला चुना कधीच शंभर टक्के शुद्ध नसतो. शिवाय पोते उघडे राहिले तर हवेतली ओल त्याला विरवते आणि कार्बन डायऑक्साइड त्याचे पुन्हा चुनखडीत रूपांतर करतो:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

अशा मेलेल्या चुन्यात खडे दिसतात, भुकटी दिसते, वजनही भरते, पण काम करणारा चुना थोडाच उरतो. आपल्या हिशेबाने १ किलोतला पाव भाग जिवंत असला तरी भागते. गावोगावच्या चुन्याची ही तऱ्हा धरली, तरी १ किलोचे प्रमाण पुरते.

तरीही शंका राहिली तर बागेतच तपासणी होते. घासून लखलखीत केलेला विळा किंवा खिळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून ठेवायचा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर आला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे. आणखी चुन्याची निवळी घालायची. थर आला नाही तर मिश्रण तयार. विळ्यावर घडते ते असे:

लोह + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे

५६ ग्रॅम लोह द्रावणात जाते तेव्हा ६३.५ ग्रॅम तांबे विळ्यावर बसते. म्हणजे विळा झिजतो आणि तरी त्याचे वजन वाढते. बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये, प्लॅस्टिकच्या ड्रमात किंवा मातीच्या भांड्यात करावे, असे का सांगतात त्याचे कारण हेच: लोखंडी पिंपात तांब्याचा काही भाग पिंपालाच बसायचा आणि झाडाला कमी मिळायचा.

दोन पोती, एक नाव

संत्र्याच्या पानांवर शिरांच्या मधला भाग पिवळा पडू लागला की जस्ताची कमतरता ओळखतात आणि झिंक सल्फेट देतात. कृषी केंद्रात झिंक सल्फेटची दोन प्रकारची पाकिटे मिळतात. एकावर जस्त २१ टक्के लिहिलेले असते, दुसऱ्यावर ३३ टक्के. नाव एक, भाव वेगळा. फरक आहे तो स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा. पहिल्यात झिंक सल्फेटमागे पाण्याचे ७ रेणू असतात, दुसऱ्यात १.

जस्त ६५.४, गंधक ३२, ऑक्सिजन ६४, मिळून १६१.४. त्यात ७ रेणू पाण्याचे १२६ मिळवले की २८७.४. एकच रेणू असेल तर १७९.४. दोन्हींच्या १ मोलमध्ये जस्त तेवढेच, ६५.४ ग्रॅम. पहिल्यात ते २२.८ टक्के पडते, दुसऱ्यात ३६.५ टक्के. पाकिटावरचे आकडे खत नियंत्रण आदेशातल्या किमान मर्यादेचे असल्यामुळे थोडे कमी दिसतात. ७ पाण्याच्या १ किलोमध्ये ३.४८ मोल येतात. तितकेच मोल १ पाण्याच्या प्रकारात ३.४८ गुणिले १७९.४, म्हणजे ६२४ ग्रॅममध्ये मिळतात. दोन पाकिटांची किंमत कशी ताडून पाहावी, हे आता कोणाला विचारावे लागणार नाही.

पत्र्याच्या कारखान्यात

कळमेश्वरची दुसरी ओळख औद्योगिक वसाहतीची. जेएसडब्ल्यू स्टील कोटेड प्रॉडक्ट्सच्या इथल्या कारखान्यात जस्ताचा मुलामा दिलेले आणि रंगीत पत्रे तयार होतात. जस्त पोलादावर नीट बसायचे तर पोलाद आधी स्वच्छ हवे. त्यासाठी पोलाद उद्योगात गरम लाटलेल्या पत्र्याची गुंडाळी हायड्रोक्लोरिक आम्लातून काढून ऑक्साइडचा थर उतरवतात. याला पिकलिंग म्हणतात. त्या थरात लोहाची वेगवेगळी ऑक्साइडे असतात. आपण फेरिक ऑक्साइडचे उदाहरण घेऊ:

फेरिक ऑक्साइड + ६ हायड्रोक्लोरिक आम्ल → २ फेरिक क्लोराइड + ३ पाणी

इथे पहिल्यांदा १ सोडून इतर आकडे आले. १ किलो ऑक्साइडला किती आम्ल लागेल? ६ किलो असे उत्तर मनात आले असेल, तर वहीचे पहिले पान उघडा. फेरिक ऑक्साइडचा मोल १६० ग्रॅमचा, म्हणून १००० ग्रॅम म्हणजे ६.२५ मोल. आम्ल त्याच्या ६ पट, ३७.५ मोल. हायड्रोजन क्लोराइडचा मोल ३६.५ ग्रॅमचा, म्हणून ३७.५ गुणिले ३६.५, म्हणजे १३६९ ग्रॅम. आणि हे शुद्ध हायड्रोजन क्लोराइडचे वजन झाले. ३२ टक्क्यांचे आम्ल वापरले तर ते साधारण ४.२८ किलो ओतावे लागेल.

उत्तर बरोबर आहे का, हे पडताळण्याची सोय समीकरणातच असते. फेरिक क्लोराइड १२.५ मोल, प्रत्येकी १६२.५ ग्रॅम, म्हणजे २०३१ ग्रॅम. पाणी १८.७५ मोल, म्हणजे ३३८ ग्रॅम. बेरीज २३६९. आत घातले होते १००० आणि १३६९, तेही २३६९. जमा आणि खर्च जुळले.

ऑक्साइड संपल्यावर आम्ल थांबत नाही, ते खालच्या पोलादालाच खाऊ लागते:

लोह + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → फेरस क्लोराइड + हायड्रोजन

५६ ग्रॅम लोह गेले की ७३ ग्रॅम आम्ल वाया जाते आणि १ मोल हायड्रोजन सुटतो. ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला कोणत्याही वायूचा १ मोल जवळपास २२.४ लिटर जागा व्यापतो. ५६ किलो लोहामागे २२,४०० लिटर ज्वालाग्राही वायू! म्हणूनच आम्लात पोलादाला जपणारे प्रतिरोधक द्रव्य मिसळतात आणि टाक्यांवरची हवा सतत खेचून घेतात.

स्वच्छ पत्रा वितळलेल्या जस्तातून जातो. पत्र्यावर ‘१२० जीएसएम’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ दर चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त. १२० भागिले ६५.४, म्हणजे १.८३ मोल. एका बाजूला ६० ग्रॅम. जस्ताची घनता दर घन सेंटीमीटरला ७.१४ ग्रॅम धरली, तर थराची जाडी येते ८.४ मायक्रॉन, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. घरावरचे छप्पर पावसात गंजू न देणारे कवच एवढे पातळ असते.

आता तुमची पाळी

दुकानदाराने कळीच्या चुन्याऐवजी विरलेल्या चुन्याचे पाकीट दिले. १ किलो मोरचुदाला त्यातला किमान किती लागेल? विरलेल्या चुन्याचा मोल ७४ ग्रॅमचा आहे. उत्तर सुमारे २९७ ग्रॅम यायला हवे. दुसरे गणित: युरियाच्या एका रेणूत कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. पोत्यावर ४६ टक्के नत्र का लिहितात ते काढा, आणि ४५ किलोच्या पोत्यात नत्र किती किलो येते तेही पाहा. हिशेब नीट केलात तर ४६.७ टक्के येतील आणि पोत्यावरच्या आकड्याने २०.७ किलो.

गणित करताना प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक आणि पदार्थाचे नाव लिहा. नुसते ‘४.०१’ लिहू नका, ‘४.०१ मोल मोरचूद’ लिहा. समीकरण आधी संतुलित करून घ्या, मगच त्यातल्या आकड्यांना हात लावा. उत्तर आले की दोन्ही बाजूंच्या वजनांची बेरीज करून बघा. एवढी शिस्त पाळणाऱ्याला या विषयात सूत्र पाठ करावे लागत नाही. आणि घरी बाग असेल तर या पावसाळ्याआधी मलम कालवताना विळ्याची तपासणी स्वतः करून पाहा. चुना मोठ्या माणसांना विरवू द्या, डोळ्यांवर चष्मा ठेवा, आणि विळ्यावर काय दिसते त्याची वहीत नोंद करा.